परत न दिलेली चाल

औसा

नांदेड काही औशापासून एवढं लांब नाही, की तिथं जाऊन आल्यावर कोणी प्रवासवर्णन लिहावं. आमच्या गल्लीतले लोक बैल विकायला त्याहून लांब जातात. पण या उन्हाळ्यात मी तिथं तीन दिवस बुद्धिबळ खेळून आले, आणि आल्यापासून जो तो विचारतो, "तिथं काय काय झालं?" तोंडानं सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं. म्हणून एकदा नीट लिहून काढते. मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपलीकडे मी अजून काही लिहिलेलं नाही.

आमचा लातूर जिल्हा अजून नवा आहे. आधी आम्ही उस्मानाबादमध्ये होतो. नवीन जिल्हा झाला, नवीन कलेक्टर आले, आणि लातूरच्या पाच-सात हौशी लोकांनी जिल्ह्याची बुद्धिबळ संघटनाही काढली. मराठवाड्याची निवड स्पर्धा नांदेडला होती. सहा डाव. सहांतून चार गुण मिळवणाऱ्याला राज्य स्पर्धेत जागा. लातूरच्या नावानं आजवर तिथं कोणी गेलेलं नव्हतं, कारण आजवर लातूर नावाचा जिल्हाच नव्हता. आमच्या कॉलेजातले गणिताचे सर मला म्हणाले, "विशाखा, तू जा." मी म्हणाले, "विचारून सांगते."

विचारायचं होतं माझ्या वडिलांना. त्यांना मी आबा म्हणते. ते औशाच्या तहसीलला शिपाई आहेत, आणि मला बुद्धिबळ त्यांनीच शिकवलं. ते स्वतः कचेरीत शिकले. तिथले जुने कारकून, ज्यांना सगळे अजून निजामाच्या काळासारखं पेशकारसाहेब म्हणत, त्यांना दुपारच्या सुट्टीत खेळायला जोडीदार लागायचा. त्यांच्याशी खेळणारा कारकून बदलून गेला, तेव्हा त्यांनी आबांना समोर बसवलं. आबा चौदा वर्षं त्यांच्यासोबत खेळले. पेशकारसाहेबांची चाल चुकली की ते म्हणायचे, "अरे, ये तो देखा ही नहीं था," आणि आबा म्हणायचे, "घ्या साहेब परत." मी शाळेतून डबा घेऊन जायची, तेव्हा हे रोज पाहायची. त्यामुळे मला बरीच वर्षं वाटायचं, की मोठ्या माणसाला चाल परत द्यायची, हा बुद्धिबळाचाच नियम आहे.

आबा म्हणाले, "मी येतो संगं. तीन दिवसांची रजा टाकतो."

रस्त्यानं

बसचा कंटाळवाणा भाग सोडून देते. दोन गोष्टी मात्र सांगायच्या आहेत. अहमदपूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला रोजगार हमीचं काम चालू होतं. बायका डोक्यावर घमेली घेऊन एका ओळीत चालल्या होत्या, आणि उन्हानं त्यांच्या लुगड्यांचे रंग एकसारखे झाले होते. त्यांत माझ्या वयाची एक मुलगी होती. बस तिच्या अगदी जवळून गेली. तिनं वर पाहिलं आणि मी मांडीवरचा बुद्धिबळाचा डबा पिशवीत घातला. का घातला ते सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट गोदावरीची. यंदा आमच्याकडे मांजरा नदीत वाळूशिवाय काही नाही. लोक झिरे खोदून वाटी-वाटीनं पाणी भरतात. टँकर आला की त्याच्याजवळ काठी घेऊन एक माणूस उभा असतो. नांदेडच्या पुलावरून बस जाऊ लागली, तेव्हा आबा जागेवरून उठलेच. नदी पात्रभर नव्हती, पण होती. "बग गं," ते म्हणाले, "येवढं पानी! आन् कुणी राखत बी न्हाई!" मागच्या सीटवरचे नांदेडचे गृहस्थ हसले. मलाही हसू आलं, पण आबांनी घरून फिरकीचा तांब्या भरून आणला होता, आणि तो आम्ही लातूरपासून घोटभर पाण्यासाठीसुद्धा उघडला नव्हता.

नांदेड, पोचलो ती संध्याकाळ

उतरायची सोय गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात झाली. लातूरहून आमच्याशिवाय एकच खेळाडू आले होते, बसवराज. त्यांचं लातूरच्या मोंढ्यात धान्याच्या आडतीचं दुकान आहे. तिशीचे असतील. ते नेहमी नांदेडला येतात, त्यामुळे त्यांनीच सगळं दाखवलं. "खोली हाय, नळ हाय, जेवण हाय," ते म्हणाले, "फक्त जिंकणं आपल्याला आणावं लागतं, ते हितं मिळत न्हाई."

नळाखाली हात धरला तर जाड धार आली. मी घाईनं बंद केला. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. शेजारची एक सरदारीण बाई म्हणाली, "धो लो बेटी, आराम से." मी तोंड धुतलं, पण आरामात काही धुता आलं नाही.

लंगरला जाताना डोकं झाकावं लागतं. मी पदर घेतला. आबांच्या डोक्यावर पांढरी टोपी होती, पण दारातल्या सेवेकऱ्यानं ती काढायला लावून त्यांना केशरी रुमाल बांधला. आबा फार अवघडले. बसवराज म्हणाले, "मामा, लग्नातले वऱ्हाडी दिसायलात तुम्ही!"

आत मोठी पंगत होती. ताट-वाटी घेऊन माणसं सतरंजीच्या पट्टीवर बसत होती. मी बसवराजांच्या मागून मध्यभागी जाऊन बसले आणि वळून पाहिलं, तर आबा नव्हते. ते आपलं ताट घेऊन पट्टीच्या अगदी शेवटी, भिंतीजवळ एकटे बसले होते. आमच्याकडे गावजेवणात कोणी कुठं बसायचं हे घरून निघण्याआधीच ठरलेलं असतं. ते कोणी बोलून दाखवत नाही. पाय आपोआप तिकडे वळतात. वाढणारा एक म्हातारा सरदारजी डाळीची बादली खाली ठेवून त्यांच्याजवळ गेला. "इधर क्यों बैठे बाबाजी? बीच में जगह है. चलो." आबा म्हणाले, "हितं बराय." त्यानं त्यांचं ताटच उचललं आणि माझ्याशेजारी आणून ठेवलं. आबांना ताटामागं यावंच लागलं.

डाळ दाट होती आणि रोट्या लहान पण मऊ. आम्हा भाकरीवाल्यांना त्या किती खाव्यात कळत नाही. आबांनी सात खाल्ल्या. प्रत्येक वेळी रोटी मागताना दोन्ही हात पुढे करायचे, असं तिथं आहे. घरी कोणाकडून काही घेताना आबांना हे शिकवावं लागत नाही, पण इथं समोरचा माणूसही देताना वाकत होता. 

पहिला दिवस

स्पर्धा एका शाळेत होती. सुट्टीमुळे वर्ग रिकामे, मोठ्या हॉलमध्ये बाकं जोडून पट मांडलेले. चाळीसच्या वर खेळाडू, त्यांत मी एकटी मुलगी. दारातल्या स्वयंसेवकानं आबांना विचारलं, "खेळणार कोण, तुम्ही?" आबा म्हणाले, "मी न्हाई, ही." तो म्हणाला, "बरं," आणि बरं कसं म्हणावं हे त्याला नीट कळलं नसावं, कारण त्यानं ते तीनदा म्हटलं.

दोन काट्यांचं घड्याळ मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. आपली चाल झाली की आपल्या बाजूचं बटण दाबायचं. पहिल्या डावात मी पाच-सहा वेळा ते विसरले. समोर परभणीचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा होता. माझ्या वेळातून वेळ चालला आहे हे त्याला दिसत होतं आणि तो गालातल्या गालात हसत होता. त्या हसण्याच्या नादात त्यानं एक घोडा गमावला. मी जिंकले.

दुपारचा दुसरा डाव धर्माबादच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांशी. धोतर, काळी टोपी, जाड भिंगाचा चष्मा. विसाव्या चालीला त्यांनी वजीर अशा घरात ठेवला, की माझा घोडा तो सरळ मारू शकत होता. त्यांनी हात सोडला. मग चष्मा वर केला. "अरेरे! थांब गं पोरी, हे दिसलंच नाही." आणि वजीर उचलून जागेवर नेला.

हात सोडला की चाल झाली, हा नियम सरांनी मला पहिल्या दिवशी शिकवला होता. मला तो पाठ होता. पण माझ्या तोंडातून आलं, "घ्या काका." मी खिडकीकडे पाहिलं. तिथं उभ्या असलेल्या आबांनी समाधानानं मान हलवली.

तो डाव मी हरले. नंतर पंचांनी मला बाजूला बोलावलं. "वजीर परत घेतला म्हणे त्यांनी? मला हाक का नाही मारलीस?" मी म्हणाले, "ते मोठे होते." पंच कपाळाला हात लावून निघून गेले.

बसवराजांना कळल्यावर ते यात्री निवासाच्या ओट्यावर भडकलेच. स्वतः ते दोन्ही डाव हरले होते. "मी हरतो ते ठीक हाय, माझी अक्कल तेवढीच. तू जिंकलेला डाव वाटायलीस का?"

आबा म्हणाले, "म्हातारं मानूस होतं. त्याचा वजीर मारून काय मोठं व्हनार हाय?"

"मामा, गुण व्हनार हाय! कचेरीतली रीत कचेरीत ठेवा. हितं नवा जिल्हा हाय आपला. सगळे बघायलेत, की लातूरवाले खेळतात का नुसतं पाया पडतात."

 मला बसवराजांचा राग आला. पण ते चूक बोलले, असंही म्हणता येईना.

दुसरा दिवस

सकाळी जिंकले, दुपारी बरोबरी. अडीच गुण. जिंकलेला डाव चांगला होता. तो माझ्याकडे लिहिलेला आहे, आणि कोणाला पाहायचा असेल तर मी आनंदानं दाखवीन. हे मी थोडं मिरवतेच आहे.

डावांच्या मधल्या वेळात आबांना चहाच्या टपरीवर नांदेडचे एक वकील भेटले. साठीचे, पांढरा शर्ट, फार गोड बोलणारे. ते त्या स्पर्धेतले मानाचे खेळाडू. त्यांनी आबांना विचारलं, "आपण कुठं असता?" आबा म्हणाले, "औशाला. तहसीलला शिपाई हाय." त्यानंतर वकीलसाहेब हॉलमध्ये आले, की आबा बसल्या जागेवरून उठून उभे राहायचे. वकीलसाहेबांनी बसा म्हटलं नाही, उठा असंही कधी म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघं नदीच्या घाटावर गेलो. आबांना पाण्याकाठी बसायचंच होतं. पाय पाण्यात सोडून ते बसले. मी विचारलं, "आबा, पेशकारसाहेबांना तुम्ही कितीदा हरवलं?"

"साहेबाला कोन हरवतंय?"

"खरं सांगा ना."

त्यांनी पायानं पाणी हलवलं. "मनात लई येळा."

"मनात म्हणजे?"

"घरी येताना डाव डोक्यात असायचा की. जिथं चाल परत दिली तिथून पुढं रस्त्यानं खेळायचो. न देता. मारुतीच्या पारापतुर त्यांचा राजा मरायचा." ते हसले. "एकदा तर पोस्टापाशीच मेला."

चौदा वर्षं. मी त्यांचा डबा नेत होते, त्यांच्यासमोर बसून खेळ शिकत होते, आणि हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, आबांना त्यात काही वाटत नाही.  मीही पाय पाण्यात सोडले.

तिसरा दिवस

सकाळच्या डावात बरोबरी झाली. मी भित्रेपणानं खेळले, ते कबूल करते. आता तीन गुण, आणि एकच डाव उरलेला. जिंकले तर चार. बरोबरी झाली तरी घरी. फळ्यावर शेवटच्या जोड्या लागल्या. माझ्यासमोर वकीलसाहेबांचं नाव होतं.

बसवराज म्हणाले, "चांगलं झालं." मी विचारलं, "काय चांगलं झालं?" ते म्हणाले, "काय न्हाई, काहीतरी म्हणावं लागतंय ना."

उकाडा एवढा होता, की सोंगट्या बोटांना चिकटत होत्या. वकीलसाहेब शांतपणे खेळत. तासाभरानं माझं एक प्यादं कमी होतं आणि वेळही कमी होता. पटावर दोघांचे राजे, एकेक हत्ती आणि प्यादी उरली होती. त्यांचा राजा आपल्याच तीन प्याद्यांच्या मागं कोपऱ्यात बसलेला. त्याची राखण करायला मागच्या ओळीत त्यांचा हत्ती होता. माझं आणखी एक प्यादं मोकळं पडलं होतं. त्यांनी हत्ती उचलला, सरळ वर आणला, माझं प्यादं मारलं आणि हात सोडला. घड्याळाचं बटणसुद्धा दाबलं.

मला दिसलं. माझा हत्ती शेवटच्या ओळीत गेला की राजाला पळायला घर नाही आणि मध्ये घालायला सोंगटी नाही. एकाच चालीत मात.

त्यांनाही त्याच क्षणी दिसलं. "नाही, नाही," असं हलकेच म्हणून त्यांनी आपला हत्ती उचलला आणि मागच्या ओळीत नेऊन ठेवला. माझं प्यादंही परत पटावर ठेवलं. "बेटा, ही चाल झालीच नाही असं समज." मी पटावरून नजर उचलली नाही. तेव्हा त्यांनी मान वळवून दोरीपलीकडे उभ्या आबांकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "काय मामा? मोठ्यांचा मान ठेवायला शिकवलंय ना पोरीला?"

आबा हात जोडल्यासारखे उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते म्हणणार, "घ्या साहेब." ते शब्द त्यांच्या ओठांवर आलेले मला दिसले. चौदा वर्षांची सवय होती ती.

आबांनी हात खाली घेतले. "साहेब," ते म्हणाले, "डाव तिचा हाय. मी बगाया हुबा हाय."

मी म्हणाले, "काका, चाल झाली." आवाज एवढा बारीक आला, की मलाच ऐकू आला नाही. मी पुन्हा म्हणाले, "हात सोडला होता तुम्ही. चाल झाली." या वेळी शेजारच्या चार पटांवरची माणसं वळून पाहू लागली. माझे कान तापले. मोठ्या माणसाला मी असं कधीच बोलले नव्हते.

पंच आले. त्यांनी वकीलसाहेबांना विचारलं, "हात सोडला होता?"

ते नाही म्हणाले असते तर काय झालं असतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. पाहिलं होतं फक्त मी आणि आबांनी, आणि आमचा शब्द त्यांच्यापुढे किती टिकला असता? पण ते क्षणभर पटाकडे पाहत राहिले, मग स्वतःच्या हातानं त्यांनी माझं प्यादं बाजूला काढलं, आणि हत्ती पुन्हा वर नेऊन ठेवला. "सोडला होता," ते म्हणाले.

मी हत्ती शेवटच्या ओळीत ठेवला. स्पर्धेत शह तोंडानं म्हणायचा नसतो, तरी मी म्हणाले. सोंगटी बोटाला चिकटली आणि घरात नीट बसली नाही. वकीलसाहेबांनीच ती बोटानं मध्यभागी सरकवली आणि हात पुढे केला. "परवा त्या मास्तरांना तू वजीर परत दिलास, ते मी पाहिलं होतं," ते म्हणाले. "म्हणून चाल परत मागून पाहिली. नाहीतर मी मागणारा माणूस नाही." थोडं थांबून म्हणाले, "निदान असं मला वाटत होतं." आणि उठून जाताना ते आबांपाशी थांबले. "बसा हो मामा, उभे का राहता?" आबा बसले.

बसवराजांनी माझं अभिनंदन केलं नाही. ते बाहेर पळाले आणि अर्ध्या तासानं पेढ्यांचा पुडा घेऊन आले. दारातल्या स्वयंसेवकापासून सगळ्यांना वाटत सुटले, "लातूर जिल्हा! घ्या, लातूर जिल्हा!" स्वतःचे सहापैकी पाच डाव ते हरले होते, पण पाहणाऱ्याला वाटलं असतं की राज्य स्पर्धेला तेच चालले आहेत.

चार गुणवाल्यांना पंचांनी टेबलाशी बोलावलं आणि एकेक फॉर्म दिला. नाव, वय, जिल्हा. जिल्ह्याच्या रकान्यात लातूर लिहिताना मी अक्षर जरा मोठं काढलं. त्याखाली होतं, प्रशिक्षकाचं नाव.

मी आबांचं पूर्ण नाव लिहायला घेतलं. ते खांद्यावरून पाहत होते. "अगं, हे काय? सरांचं लिही. नियम त्यांनी शिकवले."

"खेळ तुम्ही शिकवला."

"मला किल्लेकोटाची चाल बी धड येत न्हाई. लोक हसतील."

"हसू द्या."

मी नाव पूर्ण केलं. आबांनी फॉर्म हातात घेतला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून आपलं नाव वाचलं. कचेरीत त्यांनी हजारो कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेले आहेत. त्यांतल्या कशावर त्यांचं नाव असेल असं मला वाटत नाही. वाचून झाल्यावर त्यांनी पंचांना विचारलं, "साहेब, हे असंच ऱ्हातंय का? वरच्या हापिसात कुणी खोडत तर न्हाई?"

पंच म्हणाले, "शाईनं लिहिलंय मामा. कोण खोडतंय?"

आबांनी मान हलवली. शाई अजून ओली होती. फॉर्म दोन्ही हातांत आडवा धरून, ती वाळेपर्यंत ते त्यावर हळूहळू फुंकर घालत उभे राहिले.